दोन कुलुपं: पुण्यातल्या मराठी मंडळ्यांच्या पाळकांना आणि वडिलांना खुलं पत्र

पुणे शहरातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळकसाहेब, वडील (मंडळीतले जबाबदार ज्येष्ठ) आणि पास्टरेट कमिट्यांचे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समित्यांचे) सर्व सभासद यांस,

सलाम.

मी ससूनमध्ये चौतीस वर्षं नर्स होते. माझा बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, मुलांचे बाप्तिस्मे, यजमानांची अंत्यविधीची उपासना, सगळं पुण्यातल्या एकाच मराठी मंडळीत झालं. त्या मंडळीचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्या गोष्टीबद्दल लिहिते आहे ती एकाच मंडळीत घडते असं मला वाटत नाही, आणि कोणा एकाला चारचौघांत उभं करायची माझी इच्छाही नाही. पण जे लिहिते आहे त्यातला शब्दन् शब्द मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

२०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं आणि २५ तारखेला नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमच्या चर्चच्या मागच्या उताराला एक वस्ती आहे. पहाटेच्या सुमाराला तिथली पंचवीस-तीस घरं मुलंबाळं, गॅसच्या शेगड्या आणि रेशनकार्डांच्या पिशव्या घेऊन वर आली. जवळची उंचावरची जागा म्हणजे आपलं आवार. आवारात हॉल आहे. त्याला चार फुटांचं जोतं आहे, दोन संडास आहेत, पाण्याची टाकी आहे, कापणीच्या सणाची मोठी पातेली आणि सतरंज्या आत आहेत. मला फोन आला तशी मी छत्री घेऊन गेले. हॉलच्या दाराला दोन कुलुपं होती. मंडळीत एकमेकांशी भांडणाऱ्या दोन पार्ट्या आहेत; एक कुलूप एका पार्टीचं, दुसरं दुसऱ्या पार्टीचं.

पहिल्या पार्टीच्या सेक्रेटरींना फोन लावला. ते म्हणाले, आमचं कुलूप काढतो, पण आधी त्यांना त्यांचं काढायला सांगा. दुसऱ्यांना लावला. ते म्हणाले, धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्टचा, म्हणजे विश्वस्त बदलल्याच्या नोंदीचा, वाद चालू आहे, आत्ता कुलूप काढलं तर ताबा सोडल्यासारखं होईल, वकिलांना विचारून सांगतो. पावसात उभी राहून मी दोघांचं ऐकलं. पुढे एका ओळखीच्या वकिलीणबाईंना मी हे विचारलं, तर त्या म्हणाल्या की हॉल उघडू नये असा कुठलाही आदेश कुणीही दिलेला नव्हता. वकिलांना विचारून सांगतो म्हणालेल्या सद्गृहस्थांचा फोन मला आजतागायत आलेला नाही.

शेवटी दोन गल्ल्या पलीकडच्या तालमीने दार उघडलं. मारुतीच्या तसबिरीसमोर लोकांनी चटया पसरल्या, पोरांनी चहाची किटली आणली. एका म्हाताऱ्या बाईच्या पोटरीला पत्र्याने कापलं होतं. मी जखम धुतली, पट्टी बांधली, सकाळी टिटॅनसचं इंजेक्शन घ्यायला सांगितलं. ती माझा हात धरून म्हणाली, "सिस्टर, तुमचं चर्च फक्त रविवारीच असतं का?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं. चाळीस वर्षं ती आपल्या भिंतीला लागून राहते आहे आणि तिला आपल्याबद्दल एवढीच माहिती आहे, की रविवारी सकाळी गाड्या येतात, घंटा वाजते, गाड्या जातात. त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, कारण उत्तर तुम्ही द्यायचं आहे.

त्या बाईने मला सिस्टर म्हटलं, त्याबद्दल आधी थोडं सांगते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात जा. बुरखा घातलेली बाई असो, नऊवारीतली असो, शेताच्या बांधावरून आलेला म्हातारा असो, नर्सला हाक मारायची ती सिस्टर म्हणूनच. तिचा धर्म कुणी विचारत नाही. ही हाक आली कुठून? युरोपातल्या धर्मभगिनींकडून, ज्यांनी व्रत म्हणून आजाऱ्यांची शुश्रूषा पत्करली. आपल्याकडे ज्या काळात परक्या माणसाचं भांडं उचलणं, रक्त-पू पुसणं हे काम घरंदाज बाईने करायचंच नाही असं ठरलेलं होतं, तेव्हा मिशनच्या दवाखान्यांतून मराठी ख्रिस्ती मुलींनी ते हातात घेतलं. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेला इस्पितळ उभं केलं, तिथून शिकून बाहेर पडलेल्या नर्स जिल्ह्याजिल्ह्यांत गेल्या. माझी मावशी त्यांतलीच. तिच्या गावात तिला विहिरीवर पाणी भरू द्यायचे नाहीत, आणि रात्री बाळंतपण अडलं की त्याच घरांतून कंदील घेऊन तिला बोलवायला यायचे. ती जायची. परत येऊन कधी बोलून दाखवलं नाही.

आज नर्सिंगला सगळ्या जातीधर्मांच्या मुली येतात. ससूनमध्ये माझ्या शेवटच्या बॅचमध्ये बारा जणींत एकच ख्रिस्ती होती, आणि मला त्याचा आनंदच वाटला. एखादी श्रद्धा समाजात मुरते म्हणजे काय, तर तिचं काम इतर लोक आपलं म्हणून करायला लागतात आणि मूळ कुणाचं होतं हे विसरूनही जातात. ससून उभं राहिलं १८६७ साली, एका ज्यू व्यापाऱ्याच्या, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून. तिथे हाक सिस्टर अशी, देणगी ज्यू माणसाची, आणि खाटेवर सगळं पुणं. चौतीस वर्षं मी ज्या ठिकाणी नोकरी केली त्याला मी मनातल्या मनात देऊळच मानत आले.

आता माझ्या पणजीबद्दल. १९०० च्या दुष्काळात तिचे आईबाप गेले आणि सात-आठ वर्षांची पोर पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात, मुक्ती मिशनमध्ये, आली. रमाबाईंना ती शेवटपर्यंत नुसतं "बाई" म्हणायची. मुक्तीमध्ये छापखाना होता आणि तो मुली चालवायच्या. पणजी जुळारी झाली. शिशाचे खिळे उचलायचे, उलटी अक्षरं उलट्या ओळीत जुळवायची. माझ्या लहानपणी, डोळे अधू झालेले असतानाही, ती वर्तमानपत्र उलटं धरून वाचून दाखवायची आणि आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर एकटीने केलं. अशिक्षित बाईलाही कळावं असं मराठी त्यांना हवं होतं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांची लेक मनोरमा गेली होती. भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झालं. त्याच्या काही पानांचे खिळे माझ्या पणजीच्या बोटांखालून गेले आहेत.

जिचे आईबाप भुकेने मेले, जिला स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती, त्या मुलीला अक्षर मिळालं. नुसतं वाचायला मिळालं नाही, ते जुळवून कागदावर उठवायचं काम मिळालं. आपल्या श्रद्धेने आधुनिक महाराष्ट्राला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी तत्त्वज्ञानात शिरत नाही. मी पणजीची शिशाने काळी पडलेली बोटं सांगते.

पुण्यात हे आणखी जुनं आहे. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंनी शिकवायचं कसं याचे धडे नगरला मिस फरार यांच्याकडे घेतले. ते दोघे ख्रिस्ती झाले नाहीत, आणि होण्याची गरजही नव्हती. त्यांनी जे घेतलं ते त्यांच्या हातात वाढलं. त्यांच्या सत्यशोधक समाजातले नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी लढले आणि १० जून १८९० ला कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा आपल्या प्रभूचा दिवस, तोच खंडोबाचाही वार. लोखंड्यांनी कामगारांच्या बाजूने बोलताना खंडोबाची आठवण दिली होती. आपण दर रविवारी उपासनेला बसतो त्या वेळी शेजारच्या वस्तीतला गवंडी घरी मुलाला मांडीवर घेऊन बसलेला असतो, तो या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून. मला हे फार सुंदर वाटतं आणि शब्बाथ शाळेतल्या एकाही मुलाला आपण हे सांगत नाही याचं वाईट वाटतं.

त्याच १८९० साली पंचहौद मिशनमध्ये पुण्यातल्या मोठमोठ्या मंडळींनी चहा घेतला. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. बोलावणं केलं होतं गोपाळराव जोशांनी, आणि मग त्यांनीच यादी वर्तमानपत्रात छापून आणली. केवढा गहजब झाला! मिशनच्या आवारात एक कप चहा प्याल्याबद्दल शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. मला या गोष्टीत चहा कुणी प्याला आणि कुणी पेल्याला नुसता हात लावला यापेक्षा दुसरंच दिसतं. त्या काळी पुण्यातला मोठा माणूस चर्चच्या आवारात जात होता. आवार उघडं होतं. तिथे जायचं की नाही याबद्दल गावात भांडण होत होतं. आज आपल्या आवारात भांडण होतं ते आपलं आपल्याशीच, आणि त्याचा विषय असतो किल्ली.

त्याच्याही शंभर वर्षं आधी, १७९२ साली, सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती सैनिकांना नाना पेठेत प्रार्थनेसाठी जागा दिली. सिटी चर्च त्या जागेवर आहे. एका हिंदू राज्यकर्त्याने दिलेली जमीन आहे ती. आपल्या बहुतेक आवारांचा इतिहास असाच आहे. कुणी राजाने दिलं, कुणी सरकारने दिलं, कुणी परदेशातल्या विधवेने दोन-दोन नाणी जमवून पाठवली. आपण कमावलेलं त्यात फार थोडं आहे. म्हणून "आमची प्रॉपर्टी" हा शब्द कमिटीच्या तोंडून आला की मला आत काहीतरी टोचतं.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय तुम्ही मला शिकवावा अशी माझी पायरी, मी तुम्हाला काय सांगणार. भावाने भावाला कोर्टात खेचावं, तेही विश्वास न ठेवणाऱ्यांसमोर, याची पौलाला लाज वाटत होती. त्यापेक्षा अन्याय सोसून का घेत नाही, असं तो विचारतो. या अध्यायावर मी गेल्या पंधरा वर्षांत आपल्या व्यासपीठावरून एकही उपदेश ऐकलेला नाही. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन बघा, एका बाकावर दोन पार्ट्यांचे वडील पाठीला पाठ लावून बसलेले असतात. दोघांच्याही पिशवीत पवित्र शास्त्र असतं. वकिलांची फी दानपेटीतून जाते. त्या दानपेटीत घरकाम करणारी बाई दशांश टाकते, मी तिला ओळखते, चार घरची धुणीभांडी करून टाकते. वर्षाच्या हिशेबात वकिलांच्या फीसाठी वेगळा रकाना करून तो कागद चर्चच्या दारावर लावा, एवढीच माझी मागणी आहे. तिला कळू द्या तिचे पैसे कुठे गेले.

पार्ट्या कशा पडतात हेही आपण सगळे जाणतो आणि कुणी उघड बोलत नाही. कोण कुठल्या तालुक्यातून आलं, कुणाचे आजे-पणजे बाप्तिस्म्याआधी गावकुसाबाहेर कुठल्या वाड्यात राहत होते, यावर मतं पडतात. लग्नाच्या बोलणीत "मूळचे कोण?" हा प्रश्न आजही विचारला जातो. माझ्या मुलीच्या वेळी विचारला गेला, पाहुणा शब्बाथ शाळेचा शिक्षक होता. एकीकडे आपण न्याय मागतो, आणि तो मागणं रास्तच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ साली शिखांना दिल्या, १९९० साली बौद्धांना दिल्या, दलित ख्रिस्ती माणूस मात्र अजून बाहेर उभा आहे. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने सांगूनही झालं नाही. यासाठी मोर्च्यात मी स्वतः चालले आहे. पण धर्म बदलला तरी जात मागे येते हे दिल्लीला पटवून देताना, ती आपल्याच प्रभुभोजनाच्या मेजापर्यंत आली आहे हे आपण एकमेकांना कधी कबूल करणार? नगरकडच्या जुन्या लोकांनी एकाच थाळीतून जेवण्यासाठी काय काय सोसलं आहे. त्यांच्या नातवंडांनी हे करावं याचा मला राग येतो, आणि तो राग मी लपवणार नाही.

भाषेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मागच्या महिन्यात तरुण संघाने उपासनेत गाणं म्हटलं. गाणं मराठी, जुन्या ख्रिस्ती कवीचं, ओवीच्या चालीवरचं. पडद्यावर मात्र अक्षरं इंग्रजी. मराठी शब्द रोमन लिपीत. पोरं गोड गात होती, पण "तुझ्या चरणी"मधला ण कुणाच्याच तोंडातून नीट निघत नव्हता, कारण रोमन लिपीत तो नाहीच. ज्या घराण्यांतून विल्यम कॅरीच्या १८०५ च्या मराठी व्याकरणापासून १८४२ साली नगरला निघालेल्या ज्ञानोदय या नियतकालिकापर्यंत मराठी छापील अक्षराची सेवा झाली, ज्या मंडळीतल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात बसवलं, त्याच मंडळीच्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही. मुलांचा दोष नाही. इंग्रजी शाळेत आपणच घातलं, मीही घातलं. पण शब्बाथ शाळेत तासभर असतो. त्यातली वीस मिनिटं बाराखडीला द्या. माझ्या पणजीने उलटी अक्षरं वाचली, माझ्या नातवाला सुलटीही वाचता येऊ नयेत?

रमाबाईंची एक गोष्ट यासाठी मला फार प्रिय आहे. बाप्तिस्मा घेऊन त्या इंग्लंडमध्ये होत्या तेव्हा ज्या सिस्टरने त्यांना आईच्या मायेने सांभाळलं, तिलाच त्यांनी पत्र लिहून विचारलं की क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमचं संस्कृत त्याहून कमी आहे का? परक्या देशात, परक्यांच्या घरी राहून हे विचारायला छाती लागते. ख्रिस्त त्यांनी स्वीकारला, पण कुणाचा हुकूम म्हणून नव्हे. धर्माधिकाऱ्यांशी त्या वाद घालत राहिल्या. पुण्यातल्या सनातन्यांशीही घातला, आणि १८९३ साली शारदा सदन या त्यांच्या विधवा-मुलींच्या शाळेवरून इथली सुधारक मंडळीही त्यांना सोडून गेली तेव्हा एकट्या उभ्या राहिल्या. त्या वादात सगळी चूक एकाच बाजूची होती असं मी म्हणणार नाही. आईबापांनी विश्वासाने ठेवलेल्या मुली प्रार्थनेला बसू लागल्या तर त्यांना धास्ती वाटणं मी आई म्हणून समजू शकते. पण दुष्काळ आला तेव्हा रमाबाई बैलगाड्या घेऊन बाहेर पडल्या. पोरींची जात त्यांनी विचारली नाही, म्हणून मी आहे.

रमाबाईंचं नाव आपण दर एप्रिलमध्ये घेतो. आणि पास्टरेट कमिटीत बायका किती? आमच्याकडे अकरांत एक. स्त्रीला पाळकपदाची दीक्षा देता येते हे आपल्या मंडळीने केव्हाच मान्य केलं आहे. व्यासपीठावर मी बाई पाहिली ती फक्त महिला मंडळाच्या रविवारी. यावर अधिक लिहीत नाही, तुम्हाला सगळं माहीत आहे.

तुमच्यातल्या एका वडिलांनी मला सांगितलं, "सिस्टर, बाहेरचं वातावरण बरं नाही. हॉल उघडला, वस्तीतली पोरं आत घेतली, तर उद्या कुणीतरी येऊन म्हणेल धर्मांतर चाललंय. दार बंद असलेलं बरं." त्यांची भीती खोटी नाही. घरी प्रार्थनेला दहा माणसं जमली तर जिन्यात कोणीतरी येऊन उभं राहतं, हे आता पुण्यातही होतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण शंभरात एकही नव्हतो. एवढ्याशा लोकांना भीती वाटली तर त्यात नवल नाही.

पण त्या वडिलांना मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. जुलैच्या त्या पहाटे वस्तीतल्या लोकांना आपल्याविषयी चार चांगले शब्द बोलता आले असते. उद्या कुणी खरंच आपल्या दाराशी दगड घेऊन आलं, तर मध्ये कोण उभं राहील? धर्मादाय आयुक्त नाही, वकील नाही. उभी राहील ती पोटरीला टाके पडलेली म्हातारी, आणि तिच्यासाठी दार उघडणाऱ्या तालमीतली पोरं. बंद दाराआड काय चालतं याबद्दल लोक वाटेल ते बोलतात. उघड्या दारातून आत अभ्यास करणारी मुलं दिसली तर बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. आणि अभ्यासाला आलेल्या मुलाला प्रार्थनेला बसवायचं नाही, हा नियम आपणच भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहू. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. शंभर वर्षांपूर्वी मराठी ख्रिस्ती माणसाला एवढा मोकळेपणा सुचला होता.

आता माझं मागणं. पुण्यातल्या वेगवेगळ्या मराठी मंडळ्यांतल्या आम्ही नऊ निवृत्त नर्स आहोत. कुणी ससूनच्या, कुणी कमला नेहरूच्या, दोघी खासगी दवाखान्यांतल्या. आम्ही शनिवारी दोन तास बसायला तयार आहोत. रक्तदाब, साखर, जखमेचं ड्रेसिंग, गरोदर बाईला कुठे नाव नोंदवायचं ते सांगणं, म्हाताऱ्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या बघून कुठली सकाळी कुठली रात्री हे मोठ्या अक्षरांत लिहून देणं. हे शेवटचं काम सर्वात मोठं आहे. वॉर्डातून घरी गेलेला निम्मा पेशंट गोळ्या चुकवून परत येतो हे मी स्वतः पाहिलेलं आहे. औषध आम्ही देणार नाही, तो डॉक्टरचा अधिकार. दोन शिक्षक आहेत, एक बँकेतले गृहस्थ आहेत, ते संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यासिका सांभाळतील. पेठांमध्ये खासगी अभ्यासिकांच्या खुर्चीला महिन्याला किती पैसे मोजावे लागतात ते स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही मुलाला विचारा. आपल्या हॉलमध्ये साठ मुलं बसतील. विजेचं बिल आम्ही वर्गणी काढून भरू, कमिटीने एक रुपया द्यायचा नाही.

आम्हाला हॉलची मालकी नको, कमिटीत जागा नको, पाटीवर नावं नकोत. दोन्ही कुलुपं निघावीत आणि किल्ल्या महिला मंडळाकडे असाव्यात. तुमचा वाद आयुक्तांकडे चालू राहू दे, लागेल तेव्हा निकाल लागेल. तोवर हॉल ज्यांच्यासाठी आहे त्यांना वापरू द्या. लेखी संमती मागणारा अर्ज दोन्ही पार्ट्यांच्या सेक्रेटरींना मी सप्टेंबर महिन्यात रजिस्टर पोस्टाने पाठवला आहे. पोच आली आहे, उत्तर नाही.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू शेवटच्या दिवशी जे प्रश्न विचारतो त्यांत भुकेला आहे, तान्हेला आहे, आजारी आहे, परका आहे. कुलूप कोणाचं होतं हा प्रश्न मला तिथे सापडला नाही. मी पुन्हा वाचून पाहिला.

येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता आम्ही नऊ जणी हॉलच्या पायऱ्यांवर येऊन बसणार आहोत. बीपीची दोन यंत्रं, साखरेच्या पट्ट्या, कापूस, गॉझ, जाड पेनं आणि वह्या आम्ही आणतो. वस्तीत घरोघर जाऊन सांगून आलो आहोत. तालमीतल्या मुलांनी दोन बाकडी आणि पावसासाठी ताडपत्री देऊ केली आहे. पोटरीवर टाके पडलेल्या आजी सगळ्यात आधी नंबर लावणार म्हणाल्या. दार उघडलं असेल तर आत बसू, नसेल तर पायरीवर. पुढच्या शनिवारीही येऊ.

तुमच्यापैकी कुणी आलं तर रक्तदाब तपासून देईन. दोन्ही पार्ट्यांच्या.

ख्रिस्तात आपली बहीण,
एक निवृत्त परिचारिका
पुणे